इस्त्रीचं टेबल

"आत्या, गाडीवर इस्त्रीचं टेबल कशाला बांधलंयस?"

दादाची मुलगी सात वर्षांची आहे. माझ्या कामाच्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून ती उभी होती आणि तिच्या डोळ्यांच्या अगदी समोर माझी १९४८ ची फोर्ड वुडी होती, लाकडी अंगाच्या जुन्या मोटारीची १/२५ स्केलची छोटी प्रतिकृती, जिच्या दारांवरचं लाकूड रंगवण्यात माझे जवळजवळ तीन महिने गेले होते. प्लास्टिकवर लाकूड रंगवायचं म्हणजे आधी फिकट पिवळट रंग, मग त्यावर तपकिरी तेलरंगाचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढत ओढत रेषा काढायच्या, आणि चौकटीचं मेपल आणि मधल्या फळीचं महोगनी वेगळं दिसलं पाहिजे म्हणून हे सगळं दोनदा. ते नीट जमलं होतं. छतावर दोन बारीक आडव्या दांड्या, आणि त्यावर आदल्याच रात्री पूर्ण केलेला सर्फबोर्ड. क्रीम रंगाचा, मधोमध लाल पट्टा. मी तिच्याकडे बघून हसले आणि म्हटलं अगं तो सर्फबोर्ड आहे, लाटांवर उभं राहून घसरत येतात ना, तो. ती "हां" म्हणाली आणि दुसऱ्या गाड्या बघायला गेली. तिच्यासाठी विषय संपला.

माझा संपला नाही. रात्री दिवा बंद करायच्या आधी परत जाऊन बघितलं तर खरंच, गाडीवर इस्त्रीचं टेबल बांधलेलं होतं.

मापं बरोबर होती हो. साडेनऊ फुटी लाँगबोर्ड धरला होता, म्हणजे १/२५ मध्ये ११६ मिलिमीटर, रुंदी साडेबावीस इंच म्हणजे २३ मिलिमीटर, जाडी तीन इंच म्हणजे ३ मिलिमीटर. (या स्केलची ही एक गोष्ट मला फार आवडते, खरा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ एक मिलिमीटर. खऱ्या वस्तूचे इंच विचारायचे आणि सरळ मिलिमीटरच्या पट्टीवर मोजायचे, अगदी बारीक फरक पडतो.) बाह्यरेषा जुन्या फोटोवरून काढलेली, तीही बरोबर. फिन, म्हणजे शेपटीजवळ पोटाखाली असतं ते माशाच्या परासारखं पातं, तीही बरोबर जागी. तरी सात वर्षांच्या मुलीला एका नजरेत जे दिसलं ते मला तीन संध्याकाळी भिंग लावून काम करताना दिसलं नव्हतं याचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षाही जास्त कुतूहल वाटलं, की नेमकं चुकलंय कुठे.

दादाकडे लहानपणी एक जांभळी गाडी होती. कोणाकोणाच्या हातून फिरत आमच्याकडे आलेली, रंग बऱ्याच ठिकाणी उडालेला आणि खालचा धातू दिसणारा, पण जिथे रंग होता तिथे तो पारदर्शक सरबतासारखा चमकायचा. चाकांवर लाल गोल रेघ. पुढून विचित्र, जणू नाकच नाही, आणि मागे सपाट काळं झाकण, त्यावर दोन लांबट रिकाम्या जागा. या दोन जागा कशासाठी आहेत यावर आम्ही किती दुपारी घालवल्या असतील. मी म्हणायचे तिथे माणसं झोपतात. दादा म्हणायचा काहीतरी बसवायचं असतं, आणि मग एक दिवस त्याने काड्यापेटीतल्या दोन काड्या घेतल्या, अर्ध्या मोडल्या आणि गुलाची टोकं मागे करून तिथे बसवल्या. रॉकेटची गाडी. त्या दिवसापासून ती गाडी रॉकेटचीच होती, तिचा आवाज वेगळा होता, ती बाकीच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायची नाही कारण ते तिला शोभायचं नाही.

ती डिओरा होती हे मला खूप वर्षांनी कळलं. हॉट व्हील्सच्या १९६८ च्या पहिल्या सोळा गाड्यांपैकी एक. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डॉज ए१०० या पिकअपवरून एक शो-कार बनवली होती, तिचं डिझाइन हॅरी ब्रॅडलीचं, आणि हाच ब्रॅडली पुढे हॉट व्हील्स बनवणाऱ्या मॅटेल कंपनीत त्या पहिल्या गाड्यांवर काम करत होता, म्हणून खेळण्यातही ती आली. आणि त्या काळ्या झाकणावर बसायचे दोन सर्फबोर्ड. प्लास्टिकचे, सुटे, एवढेसे, आणि अर्थातच सगळ्यात आधी हरवणारे. आज जुनी डिओरा मिळते तेव्हा पुष्कळदा बोर्डांशिवायच मिळते, आणि नुसते तेवढे दोन तुकडे नव्याने बनवून विकणारे लोक आहेत.

स्क्रीनवर तो पूर्ण गाडीचा फोटो बघितला तेव्हा मी एकटीच मोठ्याने "अरे!" म्हणाले. एवढी वर्षं अडलेलं कोडं सुटल्याचा आनंद होता. आणि त्याच वेळी, कसं सांगू, कुणीतरी येऊन आमच्या रॉकेटच्या काड्या काढून घेतल्यासारखंही वाटलं. दादाला फोटो पाठवला. त्याने बऱ्याच वेळाने लिहिलं, "रॉकेटच बरं होतं."

पण माझ्या डोक्यात बोर्ड शिरला तो तेव्हा. त्याआधी मी मॉडेल करायचे ते नुसत्या गाड्यांचं. गाडी पूर्ण झाली की झाली, काचेच्या कपाटात ठेवली. पण छतावर एक बोर्ड आला की ती गाडी कुठूनतरी आलेली असते किंवा कुठेतरी निघालेली असते. कुणीतरी ती थांबवलीय आणि उतरून समुद्र बघायला गेलंय, दार नुकतंच बंद झालंय. माणसाची आकृती न ठेवता माणूस येतो. मला माणसांच्या त्या तयार आकृत्या कधीच आवडल्या नाहीत, गाडी कितीही सुंदर असली तरी त्यांचे चेहरे सगळं खेळण्यासारखं करून टाकतात. बोर्ड तसं करत नाही.

आणि एवढ्याशा तुकड्यासाठी आख्खी गाडी बदललेली आहे हेही खरं. हॉट व्हील्सच्याच १९६९ च्या फोक्सवॅगन बीच बॉम्बची गोष्ट ही आवड असणाऱ्यांना पाठ असते. पहिल्या नमुन्यात बोर्ड मागच्या काचेतून आत सरकवलेले होते, टोकं बाहेर. दिसायला झकास, पण ती गाडी अरुंद आणि वरच्या बाजूला जड, ट्रॅकवर गाड्यांना ढकलणाऱ्या सुपरचार्जरमधून ती नीट जाईना. म्हणून मग दोन्ही बाजूंना खण काढून गाडी रुंद केली आणि बोर्ड त्या खणांत गेले. विक्रीला आली ती ही. मागून बोर्ड घातलेले जे थोडे नमुने उरले ते आज या छंदातल्या सगळ्यात दुर्मिळ गाड्यांत गणले जातात. मला मात्र त्यातलं मोल सोडून वेगळीच गोष्ट भावते, की मागच्या काचेतून बोर्ड बाहेर येणं हेच खऱ्या आयुष्याच्या जास्त जवळ होतं. वुडीमध्ये मुलं बोर्ड तसेच कोंबायची, मागचं दार उघडं ठेवून, टोकं बाहेर लटकवून.

तर इस्त्रीच्या टेबलानंतर पहिलं काम मी हे केलं की आयते बोर्ड शोधले. म्हटलं ज्यांना येतं त्यांनी कसं केलंय ते तरी बघू. काही किटमध्ये बोर्ड येतात, ते साच्यातले, कडेने जोडाची शिवण फिरलेली. मग किल्ल्या अडकवायची किचेन. सर्फबोर्डची किचेन सगळीकडे मिळतात, लाकडाची, रंगीत, आणि बरीचशी दहा-बारा सेंटिमीटरची, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच लांब, त्यामुळे हातात घेतल्यावर क्षणभर वाटतं की काम झालं. पण ती पट्टीतून कापलेली असतात, दोन्ही बाजू सपाट, आणि शेपटीला किंवा नाकाला कडीचं भोक. भोक पुट्टीने बुजवता येतं. नाही बुजवलं तर ते लीशच्या जागेसारखं दिसतं, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या जागेसारखं, आणि इथे माझ्यासारखीची पंचाईत होते कारण लीश १९७० नंतरची आहे. त्याआधी बोर्ड सुटला की सुटला, किनाऱ्यापर्यंत पोहत जाऊन आणायचा. पन्नासच्या दशकातल्या बोर्डाला लीशचं भोक नको.

थ्रीडी प्रिंटचे बोर्ड मागवले एकदा. त्यात वळण होतं, खरं वळण, पण त्या वळणावरच प्रिंटचे थर पायऱ्यांसारखे उठून आले होते, नकाशावर डोंगर दाखवतात तशा रेषा. घासल्या तर जातात. शिवाय तीन फिन. तीन फिनचा थ्रस्टर ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ च्या सुमारास पुढे आणला, तोपर्यंत गाड्यांवर दिसायचे ते मुख्यतः एका फिनचे, मधे काही काळ दोन फिनचे. आता आजच्या काळात कुणी जपलेली वुडी घेऊन थ्रस्टर बांधून समुद्रावर जात असेल तर जाईलच की, कोण अडवणार, आणि तसं मॉडेल कुणी केलं तर ते चूक नाही. पण माझी गाडी त्या काळात उभी होती. तिचे टायर पांढऱ्या पट्ट्यांचे होते, मडगार्डवर मी गंजाचा एक ठिपका ठेवला होता, ती तिसऱ्या-चौथ्या मालकाकडची गाडी होती.

ते तिसऱ्या-चौथ्या मालकाचं मला फार महत्त्वाचं वाटतं. वुडी काही समुद्रावर जाण्यासाठी बनलेली नव्हती. घरच्यांना आणि सामानाला स्टेशनवरून आणायची गाडी ती, म्हणून स्टेशन वॅगन. फोर्ड तिचं लाकूड मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला स्वतःच्या कारखान्यात कापायची. पण लाकूड म्हणजे लाकूड, दरवर्षी घासा, व्हर्निश करा, नाहीतर सांधे ढिले होतात, पाणी शिरतं, कुजतं. फोर्डने १९५१ नंतर खऱ्या लाकडाचा नाद सोडला, ब्युइकने १९५३ नंतर. धातूच्या वॅगन आल्यावर या जुन्या लाकडी गाड्या कुणाला नको झाल्या आणि स्वस्तात कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या, ज्यांना फक्त एवढंच हवं होतं की नऊ-दहा फुटी फळी आत किंवा वर मावली पाहिजे आणि ओल्या अंगाने बसलं तरी कोणी ओरडायला नको. म्हणजे ज्या गाडीला पाण्यापासून जपावं लागतं तीच ओल्या माणसांकडे गेली. त्या गाड्यांवर आपण आज जे प्रेम करतो ते तिच्या या उतरत्या काळावरचं प्रेम आहे.

मग बोर्ड कुठला? इथे मी दोन आठवडे अडकले. १९४८ ची गाडी, पण पोरांकडे ती समजा १९५६ मध्ये आली. फोमचे बोर्ड तेव्हा नुकते कुठे डोकं वर काढत होते, होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क या बोर्ड बनवणाऱ्यांनी पॉलियुरेथेन फोम जमवला तो १९५८ च्या आसपास, आणि त्यानंतर सगळंच बदललं. (क्लार्कने १९६१ मध्ये स्वतःची कंपनी काढली, फोमचे कच्चे ठोकळे, म्हणजे ब्लँक, पुरवणारी, आणि ती डिसेंबर २००५ मध्ये एका सोमवारी अचानक बंद केली. अमेरिकेतले बहुतेक बोर्ड ज्या ठोकळ्यांतून निघायचे ते एका दिवसात मिळेनासे झाले. त्या दिवसाला अजून ब्लँक मंडे म्हणतात.) त्याच्याही मागे गेलं तर रेडवुडच्या अवजड फळ्या, टॉम ब्लेकचे पोकळ बोर्ड, आणि फिन ही वस्तूच मुळी ब्लेकने १९३५ मध्ये लावून बघितली त्याच्या आधी नव्हती. अजून मागे हवाई, तिथले लांब ओलो आणि पातळ अलाया बोर्ड, होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये जपलेले. माझी गाडी या सगळ्याच्या मधोमध उभी होती, आणि त्या मधल्या काळाचा बोर्ड म्हणजे बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचा, वरून फायबरग्लास. रेडवुडपेक्षा कितीतरी हलका, एकट्याने काखेत मारून नेता येणारा.

बाल्सा! मॉडेलवाल्यांच्या घरात दुसरं काही नसेल पण बाल्सा असतोच. मला वाटलं सुटलं, त्याच लाकडाचा तोच बोर्ड, फक्त पंचवीस पटीने लहान. कापला, घासला, आणि तो भयानक दिसला. कारण बोर्ड पंचवीस पटीने लहान झाला पण लाकडाची छिद्रं कुठे लहान झाली? ती तेवढीच राहिली. त्या ११६ मिलिमीटरवर ती एवढाल्या भेगांसारखी दिसत होती, जणू कुणी बोर्डावर नखांनी ओरबाडलंय. शेवटी बासवुड घेतलं, ज्याचे तंतू इतके बारीक आणि शांत असतात की ते कुठल्याही मोठ्या लाकडाची नक्कल करू शकतं. म्हणजे बाल्सासारखं दिसायचं तर बाल्सा वापरून चालत नाही. ही गोष्ट मी त्या दिवसापासून मनात घोळवतेय. माप लहान करता येतं, पदार्थ लहान होत नाही. रंगाचा थर तेवढाच जाड राहतो, धुळीचा कण तेवढाच मोठा, एपॉक्सीचा थेंब आपल्या स्वभावाने तेवढाच फुगतो.

आइस्क्रीमची काडी पण करून बघितली, खरंतर तीच आधी, कारण तिची लांबी ११४ मिलिमीटर असते आणि १/२५ मध्ये ते होतात नऊ फूट चार इंच, अगदी लाँगबोर्ड. पण रुंदी फक्त १०. तो बोर्ड नाही, वल्हं होतं. मात्र हीच काडी १/६४ ला, म्हणजे त्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांना, अर्ध्याहून कमी लांबीची कापून, कडेने जराशी घासून आणि जाडी निम्म्यावर आणली की सुंदर बसते. आणि डॉक्टर जीभ दाबायला वापरतात ती रुंद पट्टी १/३२ ला जवळजवळ आयती आहे. हे कुणी शोध म्हणून सांगितलेलं नाही, पट्टी घेऊन बसलं की कळतं. आता माझ्या घरात कुठलीही लाकडी पट्टी फेकायच्या आधी मोजली जाते.

तर बासवुड. तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या कारण बाल्साचे बोर्डही असे फळ्या जोडूनच करायचे, आणि दोन सांध्यांत गडद लाकडाचा पापुद्रा घातला, कांद्याच्या सालीइतका पातळ. खरी पट्टी पाव इंचाची असेल तर इथे पाव मिलिमीटर. तो पापुद्रा चिमट्यात धरला की श्वासानेही हलायचा. पहिले दोन वाकडे गेले. तिसरा सरळ गेला आणि मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, हात थरथरत होते म्हणून.

मग वळण. रॉकर म्हणतात त्याला, बोर्डाचं नाक आणि शेपूट जे वर उचललेलं असतं ते. माझ्या पहिल्या बोर्डात हेच नव्हतं. टेबलावर ठेवला की तो पूर्णच्या पूर्ण टेकायचा, टोकापासून टोकापर्यंत, आणि खरा बोर्ड कधीच असा टेकत नाही. मॉडेलवर नाक फार तर तीन-चार मिलिमीटर उचलायचं, शेपूट त्याहून कमी. तीन मिलिमीटर म्हणजे काय असतं? पण त्या तीन मिलिमीटरनेच इस्त्रीचं टेबल होतं की बोर्ड ते ठरतं. लाकूड कोमट पाण्यात ठेवून मोठ्या बरणीच्या पोटावर कापडी पट्ट्यांनी बांधलं आणि रात्रभर सोडलं. सकाळी सोडवताना ते थोडं परत सरळ होतं, म्हणून हवं त्यापेक्षा जरा जास्तच वाकवायचं. किती जास्त ते सांगता येत नाही. दोनदा करून हाताला कळतं.

आणि कडा. कडेला रेल म्हणतात, आणि सगळा खेळ तिथे आहे. मी पहिल्या बोर्डाच्या कडा नुसत्या गोल केल्या होत्या, वरून-खालून सारख्या, आणि मधे भिंत तशीच उभी. खऱ्या बोर्डाची जाडी मधून कडेकडे हळूहळू उतरत जाते, नाकाकडे पातळ, पोटाशी भरलेली, शेपटीकडे परत पातळ. बोर्ड घडवणाऱ्यांना शेपर म्हणतात, त्यांच्या कामाच्या खोल्यांचे फोटो बघताना मला उत्तर सापडलं. त्या खोल्यांच्या भिंती गडद रंगाच्या असतात आणि दिवे डोक्यावर नसतात, दोन्ही बाजूंना बोर्डाच्या उंचीवर असतात. आडवा उजेड. वरून उजेड पडला की सगळं गुळगुळीतच दिसतं, आडवा पडला की प्रत्येक उंचवट्याला सावली येते. मी माझा टेबललॅम्प आडवा पाडला, पुस्तकांवर टेकवला, मागे काळा पुठ्ठा उभा केला, आणि जो बोर्ड मी झाला म्हणून ठेवला होता त्यावर डोंगर-दऱ्या दिसायला लागल्या.

तीन संध्याकाळी फक्त घासलं. चारशेचा पॉलिशपेपर, मग सहाशे, मग आठशे. एक वेळ अशी येते की डोळ्यांना काही कळत नाही, तेव्हा डोळे मिटायचे आणि बोर्ड अंगठा आणि तर्जनीच्या मधे धरून नाकापासून शेपटीपर्यंत हळू ओढायचा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी. जिथे एक बाजू भरलेली आहे तिथे बोट अडखळतं. मी आयुष्यात कधी बोर्डवर उभी राहिलेली नाही, खऱ्या बोर्डाच्या कडेवरून हात फिरवलेला नाही. तरी त्या मिटल्या डोळ्यांनी मला खात्रीने कळत होतं की इथे जास्त आहे, इथे कमी. हे कुठून येतं मला खरंच आश्चर्य वाटतं, कारण गाडीच्या बाबतीत मला कॅलिपर लागतो.

बाकीचं भरभर झालं. फिन पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तुकड्याची, मधाच्या रंगाची, कारण उन्हात जुनं रेझिन पिवळं पडतं. वरून एपॉक्सीचा एकच पातळ हात, आणि लगेच डबा पालथा घालून झाकण, धूळ बसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी डबा उचलला तेव्हा तो ओला दिसत होता. एवढा सुंदर दिसत होता की पुढचं करवेना. पण करायलाच हवं होतं, कारण बोर्डाची वरची बाजू, जिथे पाय असतात, ती चकचकीत नसते. पाय घसरू नये म्हणून तिथे मेण घासतात, तेव्हा साधं पॅराफिन, आणि मेणावर वाळू बसते, ती बाजू कायम धुरकट, दुधाळ दिसते. खालची बाजू आरशासारखी आणि वरची वापरलेली. मी मधल्या भागात मॅट वार्निश थोपटून लावलं, जिथे पाय पडत असतील तिथे जरा जास्त, आणि डाव्या कडेला ठोकर लागून दुरुस्त केल्यासारखा एक पांढुरकं ठिगळ ठेवलं. ते ठिगळ ठेवताना मला फार आनंद झाला. या बोर्डाला कुणीतरी कधीतरी दगडावर आपटलंय आणि मग घरी नेऊन दुरुस्त केलंय.

त्यातल्या उरलेल्या तुकड्यांवर मी अजून एक काम केलं. आइस्क्रीमच्या काडीचे दोन लहान बोर्ड बनवले, डिओरासाठी. दादाकडे ती गाडी आहे अजून, टेबलाच्या खणात, पेनं आणि जुन्या किल्ल्यांबरोबर. यावेळी स्केल बघितलंच नाही, त्याच्याकडून त्या दोन जागांचं माप मागवलं आणि त्यात बसतील असे केले. पाकिटात घालून पाठवले आणि मग मनात धाकधूक, की उगाच केलं का. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, छान झालेत म्हणाला, बारीक काम आहे गं, म्हणाला, आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोलत बसलो. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. जांभळी गाडी, रंग अजून उडालेला. एका जागी माझा बोर्ड होता. दुसऱ्या जागी अर्धी काडी, गुलाचं टोक मागे.

खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी तो फोटो कितीदा उघडून बघितला असेल.

परवा दादाकडचे सगळे आले होते. वुडी टेबलावर होती, नवा बोर्ड छतावर, पोट वर आणि फिन वर करून कारण छतावर तसाच ठेवतात, पुढे-मागे कापडी पट्ट्यांनी बांधलेला, पट्ट्या मास्किंग टेपच्या, बक्कल तारेचं. दादाची मुलगी आली, हनुवटी टेकवली, आणि मी काही न विचारता थांबले. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हा काढता येतो?" मी पट्ट्या चिकटवलेल्या नव्हत्या, नुसत्या दांडीखाली खोचल्या होत्या, तरी माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं येतो. तिने तो दोन बोटांनी अलगद सोडवला, कडेवरून बोट फिरवलं (मी सांगितलं नव्हतं), आणि विचारलं ते पहिलं टेबल कुठंय. ते पण दिलं.

पलंगावर चादर नुसती टाकलेली होती, सुरकुतलेली. तिने गुडघे पोटाशी घेऊन चादरीचा एक मोठा उंचवटा केला आणि वरून पहिला बोर्ड सोडला. तो उतारावरून आला आणि खाली पहिल्याच सुरकुतीत त्याचं नाक रुतलं. परत केलं, परत रुतलं. मग नवा. तोही तसाच आला, सुरकुतीपाशी जरा थांबल्यासारखा झाला, नाक वर चढलं आणि पलीकडे गेला.

"हा नाही अडकत," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मग गुडघा हलवून तिने अजून मोठी लाट केली. वुडी तिकडे टेबलावर होती, छतावरच्या पट्ट्या लोंबत होत्या. मला फिनची काळजी वाटत होती आणि मी काही बोलत नव्हते. बोर्ड उतरत होता, ती उचलून वर नेत होती, तो पुन्हा उतरत होता, आणि दरवेळी त्याच्या मागे चादरीवर फिनची एक बारीक रेघ उमटायची, आणि तिने गुडघा हलवला की पुसली जायची.